ऑफिसातील एकत्र जेवण : नव्याने रुजू झालेल्यांसाठी

नोकरीचा पहिला पंधरवडा संपत नाही तोच गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश येतो की शुक्रवारी पॉटलक आहे, प्रत्येकाने एक पदार्थ आणावा. ज्यांची वर्षे त्या टेबलाभोवती गेली आहेत त्यांना त्यात विचार करण्याजोगे काही दिसत नाही. नव्या माणसाला मात्र काय न्यावे, किती न्यावे, आपण घरी जे खातो ते तिथे चालेल का, तिथे जे असेल ते आपल्याला चालेल का आणि चालले नाही तर नाही कसे म्हणावे, असे प्रश्न एकामागून एक पडतात, आणि त्यांतला एकही साहेबांना जाऊन विचारण्याइतका मोठा वाटत नाही. म्हणून ते मनातच राहतात. मुंबई आणि पुण्यातील कार्यालयांत वीसहून अधिक वर्षे अशी जेवणे पाहिल्यावर आणि काही स्वतः जुळवून आणल्यावर माझे ठाम मत झाले आहे की या प्रसंगांतील अवघडलेपणाला पदार्थ कारणीभूत नसतात, न बोललेल्या गोष्टी असतात. भाजीत काय घातले आहे हे कोणी सांगत नाही, वर्गणी किती हे शेवटपर्यंत ठरत नाही, भांडी कोण घासणार हे कोणी विचारत नाही. यांतले जेवढे आधी बोलून होईल तेवढे बरे, आणि नवा माणूसही ते बोलू शकतो. कसे, ते पुढे क्रमाने लिहिले आहे.

पहिली पायरी : आठवडाभर रोजचे जेवण पाहा

पॉटलकला कसे वागायचे हे रोजच्या डब्याच्या वेळी कळते. काही ठिकाणी सगळे डबे उघडून मध्ये ठेवतात आणि प्रत्येक जण आपल्या पोळीबरोबर चार जणांच्या भाज्या घेतो. काही ठिकाणी आपापला डबा खाऊन फार तर लोणच्याची बरणी फिरवायची, एवढाच रिवाज असतो. आपल्या ऑफिसात यांपैकी काय चालते हे कळेपर्यंत स्वतःहून दुसऱ्याच्या डब्याकडे हात नेऊ नये आणि कोणी देऊ केले तर थोडे का होईना घ्यावे.

उष्ट्याचा विचार आपल्याकडे अजूनही अनेकांच्या मनात पक्का आहे. ज्यांना तो नाही त्यांनीही तो सांभाळावा, कारण त्यासाठी फारसे काही करावे लागत नाही. आपली भाजी द्यायची असेल तर जेवायला सुरुवात करण्यापूर्वी, कोरड्या चमच्याने, डब्याच्या झाकणात काढून द्यावी. डब्याच्या पिशवीत एक जादा चमचा कायमचा ठेवावा. ठरावीक खुर्चीवर ठरावीक माणूस वर्षानुवर्षे बसत असतो, तेव्हा बसण्याआधी “इथे कोणी बसतं का?” एवढे विचारले तरी पुरते.

दुसरी पायरी : तारीख पक्की होण्यापूर्वी दिनदर्शिका उघडा

आयोजन करणाऱ्याच्या घरी उपवास पाळत नसतील तर त्याच्या लक्षात संकष्टी येत नाही, आणि संकष्टीचा उपवास चंद्रोदयानंतर सुटत असल्याने त्या दिवशी दुपारचे जेवण ठेवले की दोन-तीन जण रिकाम्या हातांनी भोवती उभे राहतात. एकादशी, महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार आणि नवरात्राचे नऊ दिवस याच प्रकारचे. चातुर्मासात अनेक मराठी घरांत कांदा-लसूण बंद असतो, तर श्रावणात एरवी मांसाहार करणारेही तो सोडतात. पर्युषणात जैन सहकाऱ्यांचे उपवास असतात. एरवीही त्यांतील अनेक जण बटाटा, कांदा, गाजर असे जमिनीखाली वाढणारे काही खात नाहीत आणि काही जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, त्यामुळे सात वाजताची “संध्याकाळची पार्टी” त्यांच्यासाठी नसल्यासारखीच असते. रमजानचा महिना चांद्र वर्षामुळे दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून तो गेल्या वर्षीच्या आठवणीवर न ठरवता पाहूनच घ्यावा लागतो. रोजा असलेल्या सहकाऱ्याला दुपारी एक वाजता टेबलाशी बोलावून “तू नुसता बस” म्हणण्यापेक्षा तो कार्यक्रम तीन आठवडे पुढे ढकलावा, असे मला मनापासून वाटते.

नव्या माणसाने हे सगळ्यांसमोर न बोलता आयोजकाला एकट्याने लिहावे. “शुक्रवारी संकष्टी आहे असे दिसते. आपल्याकडे कोणाचा उपवास असतो का? असल्यास गुरुवारी जमेल का?” एवढा मजकूर पुरतो, आणि अशी विचारणा केल्याबद्दल कोणी नवख्यावर रागावल्याचे मी पाहिलेले नाही.

तिसरी पायरी : काय न्यायचे आणि किती

प्रथम वेळेचा हिशोब करा. बदलापूरला सकाळी साडेपाचला केलेली भाजी लोकलने नऊला ऑफिसात पोहोचते आणि दुपारी एकला वाढली जाते, म्हणजे शिजल्यापासून साडेसात तास झालेले असतात. शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, एक तर ५ अंश सेल्सिअसच्या खाली किंवा ६० अंशांच्या वर ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या प्रवासात यांतले काहीच होत नाही. म्हणून ओल्या नारळाचे वाटण, दह्यातली कोशिंबीर, पनीरचा रस्सा आणि अंड्याचे पदार्थ हे लांबून येणाऱ्याने टाळावेत, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा नारळाची चटणी दुपारपर्यंत आंबलेली असते. मसालेभाताबद्दलही मी सावध राहते. शिजलेल्या भातात काही जिवाणूंचे बीजाणू टिकून राहतात आणि भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला तर त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. हे पदार्थ करायचेच असतील तर आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये गार करावेत, पोहोचल्याबरोबर ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवावेत आणि वाढण्यापूर्वी वाफ येईपर्यंत गरम करावेत.

प्रवासाला धार्जिणे पदार्थ आपल्याकडे भरपूर आहेत: तिखट-मिठाच्या पुऱ्या, धपाटे, ठेपले, तळलेली कोथिंबीर वडी, अळूवडी, कोरडी चटणी, शंकरपाळे, चिवडा, गूळपोळी. उपवासाचे काही न्यायचे असेल आणि त्यात भगर असेल तर ती बंद पाकिटातली, ताजी मुदत पाहून घ्यावी आणि पीठ हवे असल्यास लागेल तेवढेच घरी दळावे. सुटी किंवा फार दिवस साठवलेली भगर आणि तिचे पीठ यांना बुरशी लागून उपवासाच्या दिवसांत विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा घडल्या आहेत.

प्रमाण चुकवण्याची खोड सगळ्यांनाच असते, आणि चूक बहुधा जास्तीच्या बाजूने होते. वीस माणसे आणि पंधरा पदार्थ असतील तर कोणीही एका पदार्थाचे पोटभर जेवत नाही. एक माणूस एका वेळी फार तर अर्धा किलो अन्न खातो असे धरले, तर प्रत्येक पदार्थाच्या वाट्याला त्यातले तीस-पस्तीस ग्रॅम येतात, म्हणजे वीस जणांसाठी तयार पदार्थ पाऊण किलो. आवडीचा ठरला तर कमी पडू नये म्हणून एक किलो न्यावा. तीन किलोंचे पातेले नेण्याची गरज नाही. पोळ्या आणि भात मात्र या हिशोबात बसत नाहीत. वीस जणांना साठ पोळ्या लागतातच, त्या एकाच्या घरून मागवणे अन्यायाचे आहे, आणि वर्गणीतून जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून मागवल्या तर कोणावरच भार पडत नाही.

जे खोली घेऊन किंवा पीजीमध्ये राहतात त्यांच्यापाशी गॅसही नसतो. त्यांनी संकोच न करता केळी, कलिंगड, ताकाच्या पिशव्या, पत्रावळी, पाण्याचे जार यांपैकी काही आपल्याकडे घ्यावे आणि यादीत नाव लिहावे. विकत आणलेला पदार्थ कमी दर्जाचा मानण्याची रीत जिथे असेल तिथे ती मोडावी. त्याहीपेक्षा मला एक गोष्ट खटकत आली आहे. पुरुष सहकारी “घरी सांगतो” म्हणतात आणि ज्या बाईचा या ऑफिसशी काही संबंध नाही ती पहाटे चारला उठून चाळीस वड्या थापते. पदार्थ आणायचा असेल तर तो स्वतः करावा, नाहीतर स्वतः विकत आणावा. काकडी चिरून त्यावर मीठ-तिखट घालणे कोणालाही जमते आणि ती सगळ्यात आधी संपते.

चौथी पायरी : प्रत्येक पदार्थापुढे चिठ्ठी

या लेखातील एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळावी. कोरा कागद चार भागांत फाडून त्यावर पदार्थाचे नाव आणि त्यात काय आहे ते ठळक लिहावे आणि भांड्यापुढे ठेवावे. सगळ्यांसाठी कागद आणि पेन नव्या माणसाने नेले तर एरवी सुचत नाही असे उपयोगी काम त्याच्याकडून होते.

चिठ्ठी नसेल तर काय होते याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडले. किनारपट्टीवरच्या घरांत वांगे-बटाट्याच्या भाजीत सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घालतात आणि ती भाजी फार चवदार होते. एका सहकाऱ्याने ती मोठ्या आवडीने आणली होती. आयुष्यभर शाकाहारी असलेल्या दुसऱ्या सहकारी बाईंनी ती वांग्याची भाजी समजून वाढून घेतली, दोन घास खाल्ले आणि मग त्यांना कळले. त्या रडल्या, आणणाऱ्याचा चेहरा उतरला, दोघांचीही चूक नव्हती. “वांगे, बटाटा, सोडे” एवढ्या तीन शब्दांनी ते टळले असते.

महाराष्ट्रात शेंगदाणे सर्वांत जास्त विसरले जातात, कारण दाण्याचे कूट आपण घटक मानतच नाही. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, काही घरांतली पालेभाजीसुद्धा कुटाशिवाय होत नाही. ज्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्याच्यासाठी हा आवडीनिवडीचा प्रश्न नसतो. जेवणानंतर कोणाचे ओठ किंवा जीभ सुजू लागली, श्वास लागू लागला, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गव्हाचा त्रास असणाऱ्यांसाठी हिंगही लिहावा, कारण बाजारातल्या बहुतेक बांधणीच्या हिंगात पीठ मिसळलेले असते. केकमध्ये अंडे आहे की नाही ते लिहावे. कांदा-लसूण नसेल तर तेही लिहावे; ते शोधणारा एक तरी माणूस असतोच. चमचे प्रत्येक भांड्याला वेगळे ठेवावेत आणि जेवताना ते अदलाबदल होत नाहीत ना, याकडे कोणी तरी लक्ष द्यावे.

पाचवी पायरी : शाकाहार, मांसाहार आणि टेबल

इथे थोडे थांबून बोलायला हवे, कारण सगळ्यांत खोल जखमा इथेच होतात. एका कार्यालयात, जिथे मी काही काळ काम केले, एका तरुण सहकारी मुलीने डब्यात सुकटीची चटणी आणली होती. कोणी तरी उठून खिडकी उघडली, दुसऱ्याने सुगंधी फवारा मारला, तिसऱ्याने “घरी हे रोज खाता का?” असे विचारले. कोणीही शिवी दिली नाही. ती मुलगी त्यानंतर जिन्याखालच्या बाकावर बसून एकटी जेवू लागली आणि पुढच्या पॉटलकला दुकानातला ढोकळा घेऊन आली. मी त्या टेबलावर होते आणि काही बोलले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

आपल्याकडे कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे हा प्रश्न कधीच निव्वळ जेवणाचा नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांसह जाऊन सार्वजनिक पाणी प्यावे लागले. समाजसुधारक समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घडवून आणली, ती लोक एरवी शेजारी बसून एकच अन्न खात नसत म्हणूनच. घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. तरीही डब्यात काय आहे यावरून आडनाव, आडनावावरून जात आणि जातीवरून वागणूक ठरवण्याची सवय अनेक सुशिक्षित टेबलांवर शिल्लक आहे, आणि “आमच्यात चालत नाही” हे वाक्य किती जड आहे हे ते उच्चारणाऱ्याला पुष्कळदा कळतही नाही.

म्हणून नव्या माणसाने काय करावे? स्वतः शाकाहारी असाल तर आपले पान वेगळ्या चमच्याने वाढून घ्यावे, शेजारी कोण काय खातो याकडे पाहू नये आणि तोंड वाकडे करू नये. मांसाहारी पदार्थ नेणार असाल तर आधी आयोजकाला सांगावे, झाकणाच्या भांड्यात न्यावा, चिठ्ठी लावावी आणि तो शाकाहारी पदार्थांपासून दोन हात अंतरावर, पण त्याच टेबलावर ठेवावा. टेबलच वेगळे करण्याचा प्रस्ताव आला तर शांतपणे म्हणावे, “एकाच टेबलाच्या दोन बाजू करू या.” अन्नाची सोय त्यात पूर्ण होते आणि माणसे वेगळी पडत नाहीत. वासाबद्दल नियम करायचा असेल तर तो सगळ्या उग्र वासांना सारखा लागू असावा, म्हणजे बंद पॅन्ट्रीतल्या मायक्रोवेव्हमध्ये बोंबील गरम करू नयेत आणि मुळ्याची भाजीही करू नये. काही कार्यालयांत मांसाहाराला लेखी मनाई असते. ती आहे की नुसतीच ऐकीव आहे, हे मनुष्यबळ विभागाला विचारून घ्यावे. अनेकदा ती ऐकीव निघते. मुस्लिम सहकाऱ्यांसाठी मटण-चिकन हलाल आहे का, आणि शीख सहकारी असल्यास त्यांना हलाल चालते का, हे विचारायला संकोच वाटू नये. विचारलेले कोणालाही आवडते.

सहावी पायरी : आग्रह आणि नकार

आग्रह ही आपल्याकडे प्रेमाची भाषा आहे आणि घरी ती शोभते. ऑफिसात समोरच्याला मधुमेह आहे, व्रत आहे, पोट बिघडले आहे किंवा ती गरोदर आहे आणि अजून कोणाला सांगितलेले नाही, यांतले काहीही आपल्याला ठाऊक नसते. एकदा “घ्या ना” म्हणावे, दुसऱ्यांदा म्हणू नये, “का?” असे कधीच विचारू नये.

नाही म्हणायचे असेल तर कारणांची लांबण लावू नये. “मला पुरे, छान झालंय सगळं” किंवा “मी हे खात नाही, पण ती कोशिंबीर घेते” अशी वाक्ये पुरतात. दुसऱ्या वाक्यात नकाराबरोबर काही तरी घेतलेले असते, त्यामुळे वाढणाऱ्याचा हात रिकामा परत जात नाही. खोटे कारण मात्र देऊ नये. उपवासाचे निमित्त सांगून अर्ध्या तासाने चहाबरोबर बिस्किट खाताना दिसलात तर ज्या बाईंची खीर तुम्ही नाकारली त्यांना ते लागते. पदार्थ आवडला नाही तर पानात थोडा ठेवून गप्प राहावे, आणि ज्याचा पदार्थ कोणीच घेत नाही असे दिसेल त्याच्या भांड्यातून एक चमचा आवर्जून घ्यावा. नव्या माणसाच्या भांड्याकडे लोक उशिरा वळतात, हेही ध्यानात असू द्यावे. तुमचा पदार्थ अर्धा उरला म्हणजे तो वाईट होता असे नाही.

सातवी पायरी : वर्गणी, केक आणि पेढे

पहिल्या पगाराचे पेढे द्यायचे असतील तर एका किलोत साधारण चाळीस ते पन्नास पेढे बसतात. माणसे मोजून न्यावेत आणि रजेवर असलेल्यांचे बाजूला काढून ठेवावेत. वाढदिवसाच्या केकसाठी दरमहा ठरावीक वर्गणी असेल तर ती भरावी. प्रत्येक वेळी नव्याने रक्कम ठरत असेल तर ती किती, कशासाठी आणि कधीपर्यंत, हे आधीच विचारून घ्यावे. परवडत नसेल तर आयोजकाला एकट्याला गाठून “या महिन्यात मी एवढेच देऊ शकतो” असे सांगावे. कोणी किती दिले याची यादी गटावर टाकणे ही मला अत्यंत वाईट प्रथा वाटते, आणि ज्याच्या हाती ती यादी येईल त्याने ती टाकू नये.

शिपाई, सुरक्षारक्षक, सफाईच्या मावशी आणि कंत्राटावर काम करणारी मुले यांच्याकडून वर्गणी घेऊ नये. जेवणाला मात्र त्यांना सगळ्यांबरोबर बोलवावे. बहुतेक ठिकाणी त्यांना शेवटी, उरलेले, कागदी ताटलीत बांधून दिले जाते आणि देणाऱ्याला आपण उदार झालो असे वाटते. तुम्ही नवे असलात तरी एक करू शकता: वाढायला सुरुवात होण्यापूर्वी त्यांची नावे घेऊन त्यांना बोलवायला स्वतः जा. कामाच्या पाळीमुळे त्यांना येता येत नसेल तर त्यांची ताटे पहिल्यांदा, सगळे पदार्थ घालून, झाकून ठेवा.

आठवी पायरी : आवरणे आणि परतफेड

जेवण संपताच नवा माणूस हात धुऊन जागेवर गेला तर ते सगळ्यांच्या लक्षात राहते, आणि नव्या मुलींनाच आवरायला सांगितले जाते, हेही तितकेच खरे आहे. उठण्यापूर्वीच “दोघे ताटे उचलतील, दोघे टेबल पुसतील” असे मोठ्याने ठरवून घ्यावे आणि त्यात पुरुषांची नावे असावीत. खरकटे ओल्या कचऱ्यात, कागद-प्लास्टिक सुक्या कचऱ्यात टाकावे. सगळे एका पिशवीत कोंबले तर ते संध्याकाळी मावशींना हाताने वेगळे करावे लागते. उरलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त टेबलावर पडून असेल तर ते कोणालाही बांधून देऊ नये.

आपले भांडे ओळखू यावे म्हणून तळाशी नाव लिहिलेली चिकटपट्टी लावावी, किंवा आईच्या डब्यांवर असते तसे भांडीवाल्याकडून नाव कोरून घ्यावे. दुसऱ्याचा डबा आपल्याकडे राहिला असेल तर घासून, पुसून सोमवारी परत न्यावा. रिकामा डबा परत देऊ नये असे आपल्याकडे मानतात. दोन चिक्क्या किंवा मूठभर फुटाणे घालून दिला तरी चालतो.